गव्हावाचून प्रसाद

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात खान नदीच्या पुलाजवळ होळकरांच्या छत्र्या उभ्या आहेत. महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव व शिवाजीराव यांच्या स्मरणार्थ त्या उभारलेल्या असून, परगावचा पाहुणा आला म्हणजे त्याला राजवाड्याबरोबर त्या दाखविण्याचा आमचा शिरस्ता आहे. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई होळकरांनी गमावली, पुढच्याच महिन्यात, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली. राजधानीमागोमाग दक्षिणी कुटुंबे आली, त्यांच्यामागोमाग त्यांची पंचांगे, त्यांचे भटजी आणि त्यांचे पाटे-वरवंटेही आले. आमचे कुळ पुष्कळ उशिरा, नोकरीच्या निमित्ताने आले. आमच्या मातोश्री गोमंतकातल्या. त्यांनी माळव्यात सारा जन्म काढला. तरी राग आला वा प्रेम दाटून आले म्हणजे त्या कोंकणीतच बोलतात.

या लेखाचा विषय स्वयंपाकघरातला आहे. वकिलाने त्यात शिरावे हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु प्रसंग घडला तो पूजेच्या चौरंगापाशी, आणि त्यात अर्थ लावावयाचा होता तो एका शब्दाचा. तेव्हा आमचा त्यात थोडाफार अधिकार पोहोचतो, असे आम्ही समजतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या घरी सत्यनारायण होता. आमची पुतणी तेव्हा सात वर्षांची होती. त्याआधी दीड वर्ष पोर सारखी सुकत चालली होती. पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे, रोज उठून पोटाची तक्रार. जंत झाले, दृष्ट लागली, दात येत आहेत, असे सर्व तर्क करून झाले. शेवटी रक्ताची तपासणी झाली, दुर्बिणीने आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहिला आणि डॉक्टरांनी निदान सांगितले: गहू, जव आणि तत्सम धान्यांत जे चिकट सत्त्व असते, ज्याला ग्लुटेन म्हणतात, ते या मुलीच्या आतड्याला विषासमान आहे. औषध काही नाही. गहू आयुष्यभर बंद, आणि बंद म्हणजे कणभरदेखील नाही.

माळव्यात राहून गहू बंद! या काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल हिवाळ्यापर्यंत टिकते, आणि त्या ओलीवर पिकणारा येथला कठीण, पिवळसर गहू पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला आहे. पावलोपावली भाकरी आणि पाणी मिळणारी भूमी म्हणूनच माळव्याचा लौकिक. बाफले गव्हाचे, त्यांच्याबरोबरचे लाडू गव्हाचे, सराफ्यातली जिलेबी व मालपुवा मैद्याचे, आणि आम्हा मराठी मंडळींची पुरणपोळी तर बोलूनचालून गव्हाचीच. पण या सर्व गोष्टी टाळता येत होत्या. त्या दिवशी अडचण आली ती शिऱ्याची.

पोथी संपली. आरती झाली. द्रोणात शिरा घेऊन मातोश्री नातीपुढे आल्या आणि तिथेच थबकल्या. सत्यनारायणाची कथा ज्याने ऐकली आहे त्याला ही थबक समजेल. साधू वाण्याची कन्या कलावती हिने पतीला भेटण्याच्या घाईत प्रसाद टाकला आणि काठाला लागलेली नाव पतीसह दिसेनाशी झाली. तुंगध्वज राजाने गवळ्यांचा प्रसाद अव्हेरला आणि त्याची पुत्रसंपदा गेली. पाचव्या अध्यायापर्यंत मुलगी अगदी कान देऊन बसली होती. तिचा बाप त्या रात्री मुंबईहून गाडीने यावयाचा होता. आजीच्या हातातल्या द्रोणाकडे पाहून तिने मला हळूच विचारले, "काका, मी प्रसाद नाही घेतला तर बाबांची गाडी बुडेल का?"

मी कोर्टात पुष्कळ प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. 'देवाला सगळे समजते' असे काहीतरी मी पुटपुटलो. मुलीचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. फुलाची पाकळी आणि तीर्थ घेऊन ती झोपावयास गेली. गाडी सकाळी आली तेव्हा ती दारातच उभी होती.

या व्याधीचा इतिहास मी त्यानंतर वाचून काढला. दुसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या ॲरेटिअस या ग्रीक वैद्याने तिचे वर्णन करून ठेवले आहे. 'सीलिॲक' हे आजचे नाव पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आले. लंडनमध्ये सॅम्युएल गी याने १८८७ साली मुलांमधल्या या रोगावर व्याख्यान दिले आणि रोग बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेच होईल, असे सांगितले. मात्र आहारातले नेमके काय वर्ज्य करावयाचे, हे त्याला उमगले नाही. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास याने अशा मुलांना केळी खाऊ घालून बरे करून दाखविले. लोकांना वाटले, केळ्यात काही दैवी गुण असावा. वस्तुतः मुले सुधारली ती केळ्यांमुळे नव्हे. केळ्यांबरोबर पाव बंद झाला म्हणून.

खरा उलगडा हॉलंडमध्ये झाला, आणि त्यात दुष्काळाचा हात होता. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय महायुद्धापूर्वीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन अमलाखालच्या पश्चिम हॉलंडमध्ये अन्नान्नदशा झाली. पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. इतर मुले खंगत असता त्याच्याकडची ही रोगी मुले मात्र सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली, असे सांगतात. १९५० साली युट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने गव्हाचा दोष सिद्ध केला. ज्या अन्नाच्या अभावी हजारो माणसे मेली, त्याच अभावाने मूठभर मुले जगली. 'अभाव' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. आपल्याला त्याची गरज लवकरच लागणार आहे.

श्रावण संपता संपता मी आमच्या गुरुजींकडे गेलो. गुरुजी वृद्ध, पाठांतर पक्के, आणि स्वभाव असा की शास्त्रात नसलेली सूट ते यजमानाच्या ऐपतीकडे पाहून कधी देणार नाहीत. मी हकीकत सांगितली. त्यांनी पोथी न उघडताच उत्तर दिले. "वकीलसाहेब, तुम्ही कथा दरवर्षी ऐकता, पण पहिला अध्याय चालू असताना पाहुण्यांना 'या, बसा' करीत असता. प्रसादाची द्रव्ये तिथेच सांगितली आहेत. केळी, तूप, दूध, गव्हाचे चूर्ण. आणि लगेच पुढे, 'अभावे' साळीच्या तांदळाचे चूर्ण. साखर, नाहीतर गूळ. सगळे सपाद, म्हणजे सव्वापटीने."

पोथीत तसेच आहे. स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून ही कथा सांगतात. रेवा म्हणजे नर्मदा. आणि इंदूरकर १९७८ पासून नळाने नर्मदेचेच पाणी पितात. तेव्हा हा ग्रंथ आमच्या अंगणातलाच म्हणावयाचा. असे असून आजवर एकाही शिरा खाणाऱ्याने ती तांदळाची ओळ मनावर घेतली नव्हती.

पण वकिलाचे मन एवढ्यावर स्वस्थ बसत नाही. मी म्हटले, "गुरुजी, 'अभावे' याचा अर्थ गहू मिळत नसेल तर. आमच्या कोठीत तर गव्हाची पोती आहेत. अभाव कुठे आहे?" गुरुजी हसले. "पोतीत आहे, पण पोरीच्या पोटाला नाही. तो अभाव नव्हे काय?"

हा प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही. पूर्वमीमांसेत याला 'प्रतिनिधी' असे नाव आहे आणि जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात त्याचा खल झालेला आहे. व्रीही नासले तर नीवार, म्हणजे रानसाळ, घेऊन याग पुरा करावा. सोमवल्ली न मिळाली तर पूतिका घ्यावी. मूळ द्रव्याशी साम्य असलेले द्रव्य शोधावे. मात्र देवतेला प्रतिनिधी नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही, आणि फळ घेणाऱ्या यजमानालाही नाही. जे द्रव्य यज्ञाला मुळातच निषिद्ध ठरविले आहे, ते प्रतिनिधी म्हणूनही चालत नाही. आमच्या धंद्यातल्या कोणत्याही कायद्याच्या मसुद्याइतकीच ही मांडणी काटेकोर आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे स्वतः वकील होते, आणि 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिताना त्यांना ही मीमांसकांची पद्धत वारंवार हाताशी घ्यावी लागली, यात मला नवल वाटत नाही. या कसोटीवर आमचा दावा तर सोपाच होता. तांदूळ हा येथे अनुमानाने काढलेला प्रतिनिधी नसून ग्रंथाने नाव घेऊन नेमलेला आहे. उरला प्रश्न अभाव कोणाच्या दृष्टीने पाहावयाचा एवढाच. ज्याचे सेवन हाच ज्या द्रव्याचा हेतू, ते सेवन करणाऱ्याला अपायकारक असेल तर ते असून नसल्यासारखे आहे. आमच्या गुरुजींचा हा निवाडा कोणत्याही न्यायासनापुढे टिकेल, असे माझे मत आहे.

घरी येऊन मी हे सर्व मातोश्रींना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गंव नात जाल्यार तांदूळ आसात न्ही?" मीमांसेचा सहावा अध्याय त्यांना एका वाक्यात पुरला.

तांदळाचा शिरा त्यांनी केला नाही. तांदळाच्या रव्याचा शिरा थंड झाला की दडदडीत होतो, आणि प्रसाद तर रात्री उशिरापर्यंत वाटावयाचा असतो. गव्हाच्या पिठात जे सत्त्व त्या मुलीला बाधते, तेच पिठाला लवचिकपणा देते. त्याची जाळी वाफ धरून ठेवते आणि पदार्थ हलका होतो. तांदळात ती जाळी नाही. म्हणून तांदळाला ओल धरून ठेवणारा कोणीतरी सोबती लागतो. हे शास्त्र आमच्या किनाऱ्यावरच्या बायका नाव न घेता जाणत आल्या आहेत. फणसाच्या रसाने सांदणे मऊ राहतात. पातोळ्यांना हळदीचे पान आणि आतले चून सांभाळते. आणि तवसळीला काकडी.

तवसळी हा शब्द मराठी वाचकांपैकी काहींना अपरिचित असेल. दक्षिण कोकणात याच जातीच्या पदार्थाला धोंडस म्हणतात. तवशें म्हणजे पावसाळ्यात मांडवावर लोंबणारी, हातभर लांब, पिकून पिवळी पडलेली काकडी. ती किसून, तिच्याच पाण्यात तांदळाचा भाजलेला रवा शिजवावयाचा, गूळ-खोबरे घालावयाचे, आणि जाड बुडाच्या भांड्यात ओतून खाली निखारे व झाकणावर निखारे ठेवून भाजावयाचे. गोड पदार्थात काकडी घालतात हे ऐकून इंदूरची माणसे आमच्याकडे चमकून पाहतात. परंतु काकडी येथे चवीसाठी नसतेच. ती पाण्याचा हिशेब ठेवण्यासाठी असते.

या वरखाली निखाऱ्यांच्या भाजण्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. गोव्यात पोर्तुगीजांनी पाव आणला, पोदेर आणला, घुमटाची भट्टी आणली. हिंदू घरांनी मात्र त्या पावाला पिढ्यान्‌पिढ्या शिवून घेतले नाही; विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा आमच्या आजोळी अजून सांगतात. कथा किती खऱ्या हा प्रश्न वेगळा, पण भीती खरी होती आणि तिला कारणही होते. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत टिकले, आणि त्याच्या १७३६ च्या एका फर्मानात बाटलेल्या लोकांनी हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवून वरून मीठ घालू नये, असेही एक कलम आहे. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ सालच्या ग्रंथात ते वाचावयास मिळते. कायदा माणसाच्या देवघरात शिरतो हे आम्ही जाणत होतो. तो भाताच्या तपेल्यात मिठाची चिमूट मोजावयास बसतो, हे वाचून या धंद्यात असल्याची मला क्षणभर लाज वाटली. अशा काळात हिंदू घरातले भाजकाम भट्टीवाचून, चुलीवरच्या भांड्यात आणि नारळाच्या करवंट्यांच्या निखाऱ्यांवर होत राहिले. यीस्ट नाही, ताडी नाही, मैदा नाही. जगातल्या बेकरीवाल्यांना आज ज्या केकसाठी नाना प्रकारचे डिंक आणि पिठे जुळवावी लागतात, तो केक या बायकांच्या हाती आपोआप होता. त्याला केक म्हणावे एवढे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

माळव्यातही निखाऱ्यांची विद्या आहेच. बाफला पाण्यात उकडून मग गोवऱ्यांच्या आहारात भाजतात. एकाच शेगडीवर एका बाजूला बाफले आणि दुसऱ्या बाजूला तवसळी, असा योग आमच्या घरी लहानपणी येत असे. आता तो मुलीसाठी बंद केला आहे.

अडचण होती तवशाची. ते इंदुरात कोठून यावे? भाद्रपदात मातोश्री मंडईत गेल्या आणि बालम ककडी घेऊन आल्या. सैलाना, रतलाम, धार, मांडू या बाजूला पावसाळ्याच्या अखेरीस ही प्रचंड ककडी येते. बाहेरून फिकी, आतून पिवळी-केशरी, आणि एकेक एक-दीड किलो वजनाची. येथील लोक तिच्या फोडी मीठ-तिखट लावून खातात. ती शिजविण्याची कल्पना कोणाला नाही. भाजीवालीने चार वेळा विचारले, "बाई, इसका मीठा?" मातोश्री घरी येऊन मला म्हणाल्या, "हें तवशें न्हय, पूण तवशाचें भावंड." जैमिनीने सादृश्य म्हटले आहे ते याहून निराळे काय असणार!

पहिली तवसळी उत्तम झाली. मुलीने दोन वड्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिचे पोट बिघडले. सर्वांनी काकडीला दोष दिला. दोन दिवसांनी उलगडा झाला तो असा की, तांदळाचा रवा ज्या गिरणीतून दळून आणला होता, तिथे आधी गहू दळला होता. जात्याच्या दगडांत राहिलेला मूठभर आटा आमच्या तांदळाबरोबर आला. गिरणीवाल्याचा यात अपराध काही नाही. आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. हा धोका ज्या घरांत अशी मुले आहेत त्यांनी लक्षात ठेवावा, म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो. बाजारातला बांधानी हिंग हा असाच दुसरा छुपा शत्रू. शुद्ध हिंग तिखट म्हणून त्यात पीठ मिसळलेले असते, आणि पुष्कळदा ते गव्हाचे असते.

यावरून मातोश्रींना आपल्या सासूची आठवण झाली. एकादशीचे पीठ दळावयाचे तर सासूबाई जाते आधी धुऊन, पुसून, त्यात मूठभर राजगिरा दळून तो टाकून देत आणि मगच शिंगाडे घालीत. धान्याचा कण उपासाच्या पिठाला लागता कामा नये, एवढाच त्यामागे भाव. आम्ही शिकलेल्यांनी या सोवळ्याची पुष्कळ थट्टा केली आहे. प्रस्तुत लेखकानेही केली आहे. आज एका लहान मुलीच्या आतड्यासाठी आम्ही नेमके तेच सोवळे पाळतो. तिचा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, चाळणी वेगळी. फरक इतकाच की सासूबाईंचे सोवळे पंधरवड्यातून एक दिवस असे.

उपासाच्या पदार्थांकडे मी यानंतर नव्या नजरेने पाहू लागलो. गहूबंदी असलेल्या घराला उपासाचे फडताळ म्हणजे आयती बेकरी आहे: शिंगाड्याचे पीठ, राजगिरा, साबुदाणा, रताळे, आणि ज्याला इकडे मोरधन म्हणतात ती वरई. पण येथे एक गंमत आहे. जुन्या निबंधकारांच्या हविष्यान्नांत पहिला मान यवाचा, म्हणजे जवाचा, आणि त्यामागून व्रीहींचा. हाच जव आमच्या मुलीला गव्हाइतकाच वर्ज्य. उलट आज ज्यांच्यावाचून एकादशी सुनी वाटते त्यांपैकी कित्येकांची नावे त्या ग्रंथकारांच्या कानावरही गेलेली नव्हती. रताळे, बटाटा, शेंगदाणा आणि कसावाचा कंद हे सर्व अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या काळापासून समुद्रमार्गे इकडे येत गेले. साबुदाणा मुळात मलायी बेटांवरच्या एका ताडाच्या गाभ्याचा. दुसऱ्या महायुद्धात तिकडची आयात तुटली आणि तामिळनाडूत सेलमच्या बाजूला कसावापासून तो करण्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे आमचा उपासाचा साबुदाणा नावाने मलायी, वंशाने ब्राझिली आणि जन्माने तामिळ आहे.

राजगिऱ्याची गोष्ट तर याहून विलक्षण. आपण खातो त्या राजगिऱ्याच्या जाती मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या. मेक्सिकोचे ॲझ्टेक लोक त्याचे पीठ मधात वा घायपाताच्या पाकात मळून देवतांच्या मूर्ती घडवीत आणि पूजेनंतर त्या मूर्तीचे तुकडे प्रसादासारखे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना यात आपल्याच धर्मविधीची विडंबना दिसली आणि तो विधी त्यांनी मोडून काढला. तरी लाह्यांची पाकात थापलेली वडी तिथे आजही विकली जाते. तिला 'आलेग्रिआ', म्हणजे आनंद, म्हणतात. आपल्या राजगिऱ्याच्या वडीपुढे ती ठेवली तर आई कोणती आणि मावशी कोणती हे ओळखता येणार नाही. ज्या धान्याला तिकडे देवघरातून बाहेर काढले, त्याला आमच्या आज्यांनी कोणालाही न विचारता एकादशीच्या ताटात बसविले. त्यामागे ग्रंथ नव्हता, निर्णय देणारी सभा नव्हती. ते गवताच्या कुळातले धान्य नाही, एवढे त्यांनी पाहिले असावे. वरई मात्र गवताच्याच कुळातली. तरी महाराष्ट्राने ती उपासाला मान्य केली. देशाचाराला सगळीच कारणे द्यावी लागत नाहीत.

हे पदार्थ आरोग्यदायी असतात काय, असे मला पुष्कळ जण विचारतात. गहू नाही म्हणून पदार्थ पथ्याचा झाला, हा समज चुकीचा आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो तुपात परतून त्यावर बटाटा घातला म्हणजे मधुमेह्याने त्याला लांबूनच नमस्कार करावा. गूळ साखरेहून थोडा बरा असेल, पण तो साखरेचाच सख्खा भाऊ. ज्याला हा विकार नाही त्याने केवळ फॅशन म्हणून गहू सोडावा, यातही मला शहाणपण दिसत नाही. मात्र नाचणी, राजगिरा, वरई यांनी गव्हाच्या मैद्यापेक्षा पोटात अधिक काही पडते, हे खरे. मुलीच्या हाडांसाठी डॉक्टरांनी नाचणी सांगितली तेव्हा मातोश्रींनी तवसळीच्या रव्यात पाव हिस्सा नाचणीचे पीठ मिसळून पाहिले. रंग काळा आला. चव खमंग आली. पूजेसाठी मात्र त्या ती करीत नाहीत, कारण पोथीत तांदूळ म्हटले आहे आणि तांदूळ घरात आहेत. अभाव नसता प्रतिनिधी घेऊ नये हे मीमांसेचे दुसरे कलम त्या उपजतच पाळतात.

त्या वर्षी कोजागरीला पुन्हा सत्यनारायण केला. प्रमाण सव्वाचे. सव्वा वाटी तांदळाचा रवा. तांदूळ धुऊन, वाळवून घरच्याच जात्यावर काढलेला. तेवढ्याच तुपात नव्हे, बेताच्या तुपात तो मंद भाजला. दीड वाटीवर बालम ककडीचा कीस, बिया काढून, पाण्यासकट. किसण्यापूर्वी दोन्ही टोकांची फोड चाखून पाहिली, कारण एक कडू निघाली तर सगळे फुकट. गूळ पाऊण वाटी, खोवलेला नारळ, वेलची, आणि पोथीच्या आज्ञेप्रमाणे कुस्करलेले केळे. एरवी त्या चिमूटभर मीठ घालतात. प्रसादाला घातले नाही. दुधाचे काय करावे यावर थोडी चर्चा झाली, कारण गुळात दूध फाटते. गुरुजींनी ते वेगळ्या वाटीत नैवेद्यापुढे ठेवावयास सांगितले. कुंडीत लावलेल्या हळदीचे एकच मोठे पान भांड्याच्या तळाशी गेले. निखारे आता कोठले? विजेच्या भट्टीत १८० अंशांवर पाऊण तास ठेवले. वरून निखारा नसल्यामुळे पापुद्रा हवा तसा लागत नाही आणि करवंटीच्या धुराचा वास येत नाही, ही मातोश्रींची तक्रार अजून कायम आहे.

शिराही केला होता, पाहुण्यांसाठी. दोन पातेली चौरंगापुढे शेजारी शेजारी ठेवली आणि गुरुजींनी दोन्हींवर तुळशीपत्र ठेवून एकाच मंत्राने नैवेद्य दाखविला. पुढे एक पाहुण्या बाई शिऱ्याची पळी तवसळीच्या भांड्यात घालण्याच्या बेतात होत्या. माझ्या वहिनी ओरडणार तोच मुलगी पुढे झाली. "ती पळी नाही चालत, काकू. ही घ्या," असे म्हणून तिने दुसरी पळी त्यांच्या हाती दिली. बाईंना कारण ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले, "का ग? सोवळ्याची आहे का?" मुलगी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "हो."

आपल्या देशात २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असेल तरच पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिता येते. कारखान्यातल्या डब्याला हा नियम ठीक आहे. देवळातल्या प्रसादावर चिठ्ठी कोण लावणार? म्हणून आमच्या मंडळीत मी एवढीच विनंती केली आहे की, समाराधनेच्या दिवशी एक पातेले गव्हावाचून असावे, ते वेगळ्या चुलीवर शिजावे, त्याची पळी वेगळी असावी, आणि ते पंगतीच्या आरंभीच वाढले जावे. कारण शेवटी वाढणाऱ्यांच्या हातांना पोळीचे पीठ लागलेले असते. विनंतीवर अजून विचार चालू आहे. एका सभासदाने शंका काढली की, याने पंक्तिभेद होईल. मी पोथीचा पहिला अध्याय बरोबर नेला होता.